२एन३०५५ च्या जागी आयआरएफझेड४४: इन्व्हर्टरमध्ये चालेल, पण ड्राइव्ह बदलून. पॉवर सप्लायमध्ये नको

नमस्कार. तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. लोडशेडिंगच्या काळात घरी बनवलेला १२ व्होल्टचा इन्व्हर्टर आहे, त्यात बीसी५४७ चा मल्टिव्हायब्रेटर (चालू-बंदची चौकोनी वेव्ह काढणारा ऑसिलेटर), पुढे एसएल१०० चे ड्रायव्हर आणि शेवटी प्रत्येक बाजूला दोन-दोन २एन३०५५, म्हणजे जुने बायपोलर पॉवर ट्रान्झिस्टर. एका बाजूचे उडाले, बाजारात आता धड २एन३०५५ मिळेना, दुकानदार म्हणाला आयआरएफझेड४४ हा मॉसफेट लावा, ४९ अँपिअरचा आहे, तुम्ही चारही बदलले आणि आता आउटपुट अर्धंच येतं आणि मॉसफेटला बोट लावता येत नाही. शिवाय एलएम७२३ या रेग्युलेटर चिपचा ०-३० व्होल्टचा बेंच सप्लाय आहे, त्यातही २एन३०५५ आहे, तर तिथेही मॉसफेट टाकावा का, असं विचारलंय.

यात कुठला मॉसफेट घ्यावा हा प्रश्न नंतरचा आहे. आधी हे बघायचं की तो ट्रान्झिस्टर त्या जागी करतोय काय. इन्व्हर्टरमध्ये तो स्विच आहे, एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. पॉवर सप्लायमध्ये तो कायम अर्धवट चालू असतो, स्वतःवर व्होल्टेज झेलत करंट सोडतो आणि उरलेली सगळी पॉवर उष्णता करून टाकतो. पहिल्या कामात मॉसफेट २एन३०५५ पेक्षा कितीतरी सरस आहे, दुसऱ्या कामात तो बहुतेक वेळा वाईट आहे. त्यामुळे तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं उलटी आहेत.

आधी इन्व्हर्टर. बायपोलरच्या बेसला करंट लागतो आणि तो चालू असेपर्यंत सतत लागतो. व्होल्टेज मात्र फारसं लागत नाही, बेस-एमिटर जंक्शन स्वतःच ०.७-०.८ व्होल्टवर, मोठ्या करंटला फार तर दीड व्होल्टपर्यंत, धरून ठेवतं. जुने डिझायनर त्यावरच अवलंबून होते. मॉसफेटला बेस, कलेक्टर, एमिटरच्या जागी गेट, ड्रेन, सोर्स असतात. त्याचं गेट म्हणजे हंडा समजा, भरेपर्यंतच पाणी लागतं, भरल्यावर काही लागत नाही, पण बंद करायचा तर तोच हंडा रिकामाही करावा लागतो. आणि भरायचा तो १० व्होल्टपर्यंत. डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे चालू व्हायला सुरुवात होते ते गेट व्होल्टेज, २ ते ४ व्होल्ट लिहिलेला असतो, तो वाचून लोकांना वाटतं ४ व्होल्टला मॉसफेट चालू झाला, पण तो आकडा फक्त २५० मायक्रोअँपिअर करंटचा आहे, म्हणजे जिथे तो जेमतेम जागा होतो. चालू असतानाचा रेझिस्टन्स १७.५ मिलीओहम हा आकडा गेटला १० व्होल्ट दिल्यावरचा आहे.

आता तुमच्या सर्किटमध्ये बघा. तुम्ही लिहिलंय की एसएल१०० च्या एमिटरपासून २एन३०५५ च्या बेसपर्यंत ४७ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर आहे आणि बेसपासून ग्राउंडला ३३ ओहम. २एन३०५५ असताना हे अगदी बरोबर होतं. ड्रायव्हरमधून साधारण ११ व्होल्ट आले, त्यातले ०.८ बेसवर गेले, उरलेले ४७ ओहमवर, म्हणजे साधारण २१५ मिलीअँपिअर, त्यातले २५ ग्राउंडला गेले आणि १९० बेसला मिळाले. मॉसफेट लावल्यावर बेसचं ते जंक्शनच राहिलं नाही, त्यामुळे ४७ आणि ३३ चा सरळ व्होल्टेज डिव्हायडर झाला. ११ गुणिले ३३ भागिले ८०, म्हणजे गेटला मिळतात ४.५ व्होल्ट. आणि लोड टाकल्यावर बॅटरी साडेदहावर आली की आणखी कमी. या व्होल्टेजला चारपैकी एखादा मॉसफेट थोडाफार करंट सोडेल, एखादा जवळपास बंदच राहील, आणि जो सोडतोय त्याच्यावर पाच-सहा व्होल्ट पडलेले असतील. ५ अँपिअर गुणिले ६ व्होल्ट म्हणजे ३० वॅट, अर्धा वेळ जरी धरला तरी १५ वॅट एका छोट्या टीओ-२२० पॅकेजमध्ये. गरम होणारच. मॉसफेट खराब नाहीत, अर्धवट चालू आहेत एवढंच.

माझं म्हणणं खरं की खोटं ते तुमच्या साध्या मल्टिमीटरनेच कळेल. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपची वायर सोडवा म्हणजे पॉवर बाजू बंद झाली, फक्त ऑसिलेटर चालू ठेवा आणि गेट ते ग्राउंड डीसी व्होल्ट मोजा. चौकोनी वेव्ह अर्धा वेळच वर असते म्हणून मीटर सरासरी दाखवतो. गेटला व्यवस्थित ११-१२ व्होल्ट पोचत असतील तर मीटरवर साडेपाच-सहा दिसायला पाहिजेत. तुमच्याकडे सव्वादोनच्या आसपास दिसतील असा माझा अंदाज आहे.

मग ४७ ओहमच्या जागी १०० ओहम पाव वॅट आणि ३३ ओहम काढून १० किलोओहम लावले की झालं का? गेटला व्होल्टेज मिळेल, पण नवीन अडचण येईल, आणि ही लोकांच्या लक्षातच येत नाही. एसएल१०० तिथे एमिटर फॉलोअर आहे, तो गेट वर ओढतो, खाली ओढत नाही. हंडा भरायला माणूस आहे, रिकामा करायला नाही. आयआरएफझेड४४एन चा गेट चार्ज जास्तीत जास्त ६३ नॅनोकुलोम्ब आहे, १० व्होल्टला भागलं तर ढोबळ मानाने ६ नॅनोफॅरड, दोन समांतर म्हणजे १२. हे १० किलोओहममधून रिकामं व्हायचं म्हणजे १२० मायक्रोसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, तोपर्यंत दुसरी बाजू चालू व्हायला लागलेली असते. दोन्ही बाजू एकदम चालू म्हणजे प्रायमरीचे दोन्ही अर्धे एकमेकांना मारतात, कोअरला काही कळतच नाही आणि बॅटरी जवळपास शॉर्ट. म्हणून जुना ड्रायव्हर ठेवायचाच असेल तर १० किलोओहमच्या ऐवजी १ किलोओहम लावा, १२ मिलीअँपिअर फुकट जातील, जाऊ देत. किंवा एसएल१०० ला जोडीला त्याचा पीएनपी जोडीदार एसके१०० घेऊन दोघांचे बेस एकत्र आणि एमिटर एकत्र असा टोटेम पोल करा, एक भरेल, दुसरा रिकामं करेल.

पण मी तुमच्या जागी असतो तर बीसी५४७ चा मल्टिव्हायब्रेटरच काढून टाकला असता. त्याची खाली येणारी धार तीक्ष्ण असते पण वर जाणारी गोल असते, कारण वर जाताना कपलिंग कपॅसिटर कलेक्टर रेझिस्टरमधून चार्ज व्हायचा असतो. १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड म्हणजे १ मिलीसेकंद. बायपोलरला याचं फारसं काही वाटत नव्हतं, बेसवर व्होल्टभर आलं की तो चालू व्हायला लागतो. मॉसफेटला मात्र साडेतीन ते साडेपाच व्होल्ट हा त्रासाचा पट्टा पार करायला अशा धारेवर एक तृतीयांश मिलीसेकंद लागतो, आणि तेवढा वेळ तो दर सायकलला स्विच नसून रेझिस्टर असतो. ५० हर्ट्झला यानं लगेच काही जळणार नाही, पण बिनकामाची उष्णता आहे.

त्यापेक्षा सीडी४०४७ ही ऑसिलेटर चिप लावा. स्वस्त आहे, कुठेही मिळते, पिन १० आणि ११ वर एकमेकांच्या उलटे दोन आउटपुट तयार मिळतात आणि ते आतल्या फ्लिपफ्लॉपमधून येतात म्हणून दोन्ही अर्धे अगदी सारखे असतात. हे सारखेपण महत्त्वाचं आहे, कारण एक बाजू जास्त वेळ चालू राहिली तर ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी साठत जातो आणि कोअर सॅच्युरेट होतो, आणि जुन्या मल्टिव्हायब्रेटरमध्ये दोन कपॅसिटर कधीच तंतोतंत सारखे नसतात. पिन १० आणि ११ वरच्या पीरियडचं सूत्र ४.४ गुणिले आर गुणिले सी. ०.१ मायक्रोफॅरड घेतला तर २० मिलीसेकंदासाठी साधारण ४५ किलोओहम लागतात, म्हणजे ३९ किलोओहमच्या सिरीजमध्ये १० किलोओहमचा प्रीसेट लावून ५० हर्ट्झ सेट करता येईल. कपॅसिटर प्लास्टिक फिल्मचा घ्या, सिरॅमिक नको, तापमानाबरोबर फ्रिक्वेन्सी हलते.

कुणी म्हणेल की ४०४७ चा आउटपुट जेमतेम दोन-तीन मिलीअँपिअर देतो, त्यानं पॉवर मॉसफेट कसा चालेल. ५० हर्ट्झला चालतो. ६३ नॅनोकुलोम्ब भागिले अडीच मिलीअँपिअर म्हणजे २५ मायक्रोसेकंद, दोन समांतर असतील तर ५०. अर्धी सायकल १० मिलीसेकंदांची आहे, त्यात हे काहीच नाही. हीच चिप ५० किलोहर्ट्झच्या फेराइटवाल्या इन्व्हर्टरला जोडली तर मात्र गेट भरायच्या आतच बंद करायची वेळ येईल, तिथे वेगळा ड्रायव्हर किंवा एसजी३५२५ सारखी चिप पाहिजे. म्हणून फ्रिक्वेन्सी विचारल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

जोडताना चिपच्या आउटपुटपासून १ किलोओहम आणि त्याच रेझिस्टरला समांतर एक १एन४१४८, कॅथोड चिपच्या बाजूला. यानं गेट भरतं सावकाश आणि रिकामं होतं पटकन, त्यामुळे एक बाजू बंद झाल्यावरच दुसरी चालू होते. मग तिथून प्रत्येक मॉसफेटला स्वतःचा वेगळा २२ ओहम, अगदी गेटच्या पिनजवळ. दोन गेट एकाच रेझिस्टरला बांधू नका, समांतर मॉसफेट एकमेकांबरोबर काही मेगाहर्ट्झवर ऑसिलेट होतात आणि कारण न कळता मरतात. गेट ते सोर्स १० किलोओहम ठेवा म्हणजे चिप काढलेली असतानाही गेट तरंगत नाही, आणि व्होल्टेज १५ च्या वर जाऊ न देणारा १५ व्होल्टचा झेनर डायोड लावा कारण गेटची मर्यादा ±२० व्होल्ट आहे आणि ती एकदा ओलांडली की गेटचं ऑक्साइड गेलंच. ४०४७ ला सप्लाय बॅटरीतून थेट देऊ नका, १०० ओहम सिरीजमध्ये, पुढे १०० मायक्रोफॅरड आणि तिथेही १५ व्होल्टचा झेनर.

तुमच्या एमिटरमधले ०.१ ओहम ५ वॅटचे रेझिस्टर काढून टाका. बायपोलर तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज डिग्रीमागे साधारण २ मिलिव्होल्टनं कमी होतो, मग तोच जास्त करंट घेतो आणि आणखी तापतो, म्हणून ते रेझिस्टर लागायचे. पूर्ण चालू असलेल्या मॉसफेटचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो, त्यामुळे करंट आपोआप वाटला जातो. "पूर्ण चालू असलेल्या" हे शब्द लक्षात ठेवा, पॉवर सप्लायच्या वेळी लागतील.

एवढी खटपट करून मिळतं काय? २एन३०५५ च्या डेटाशीटमध्ये ४ अँपिअरला कलेक्टर-एमिटर ड्रॉप जास्तीत जास्त १.१ व्होल्ट आहे आणि १० अँपिअरला ३ व्होल्ट, तेही बेसला ३.३ अँपिअर दिल्यावर. १२ व्होल्टच्या बॅटरीतले एक-दोन व्होल्ट ट्रान्झिस्टरच खाणार म्हणजे बॅकअप तेवढा कमी. आयआरएफझेड४४एन १० अँपिअरला थंड असताना ०.१७५ व्होल्ट घेतो, गरम झाल्यावर ०.३ धरा, म्हणजे चालू असतानाचा लॉस ३ वॅट, आणि बेस ड्राइव्हमध्ये जाणारा करंट जवळपास शून्य. त्याच बॅटरीवर पंखा जास्त वेळ चालतो हे स्पष्ट जाणवतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आउटपुट थोडं जास्त येईल, कारण ट्रान्सफॉर्मर जुना ड्रॉप धरून गुंडाळलेला असू शकतो. कमी लोडला मोजून बघा आणि मगच काही नाजूक वस्तू जोडा.

काही गोष्टी तुमच्या सर्किटवर अवलंबून आहेत. बॅटरी २४ व्होल्टची असेल तर ५५ व्होल्टचा आयआरएफझेड४४ वापरू नका. बंद असलेल्या बाजूवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज येतं आणि वर ट्रान्सफॉर्मरच्या लीकेजचे स्पाइक, तिथे १०० व्होल्टचा आयआरएफ५४०एन किंवा त्याहून वरचा पाहिजे. १२ व्होल्टला चार्जिंग चालू असताना २७-२८ अधिक स्पाइक, ५५ मध्ये बसतं. दुसरं, मॉसफेटमध्ये आतच ड्रेन-सोर्स डायोड असतो, त्यामुळे बाहेरचे डायोड नसले तरी चालतं, पण बॅटरी चुकून उलटी जोडली तर तो डायोड थेट वाइंडिंगमधून करंट सोडतो. बॅटरीच्या वायरमध्ये फ्यूज हवाच. तिसरं आणि महत्त्वाचं, ज्यांचा इन्व्हर्टर ऑसिलेटर नसलेला आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच एक जास्तीचं फीडबॅक वाइंडिंग आहे आणि ते बेसना जोडलंय, त्यांनी हे करूच नये. त्या वाइंडिंगचे वेढे बेसच्या दोन-चार व्होल्टसाठी असतात, गेटला पुरत नाहीत, आणि वेढे वाढवले तरी सुरू व्हायला गेटला थ्रेशोल्डच्या काठावर बायस ठेवावा लागतो, जो दर मॉसफेटला वेगळा. फीडबॅक वाइंडिंग सोडून द्या आणि ४०४७ लावा.

आता बेंच सप्लाय. तिथे २एन३०५५ ठेवा असंच माझं मत आहे आणि त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण हेडरूम, म्हणजे आउटपुटपेक्षा वर किती व्होल्टेज शिल्लक लागतं. २एन३०५५ आउटपुटच्या ०.७ व्होल्ट वर बेस मागतो, मधला ड्रायव्हर धरला तर दीड. मॉसफेट फॉलोअर गेट मागतो ४-५ व्होल्ट वर. एलएम७२३ ला इनपुट जास्तीत जास्त ४० व्होल्ट चालतं, आणि ३० व्होल्ट आउटपुट अधिक गेटचे ५ अधिक चिपचं स्वतःचं अधिक रिपल, म्हणजे काठावर आलात. ट्रान्सफॉर्मर वरचा घेतला तर ३ अँपिअरला ते जास्तीचे ४ व्होल्ट म्हणजे १२ वॅट वाढीव उष्णता.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आउटपुट ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर, इनपुट ४०, म्हणजे ३५ गुणिले ३, १०५ वॅट त्या ट्रान्झिस्टरवर सतत. २एन३०५५ च्या सेफ ऑपरेटिंग एरियाच्या ग्राफमध्ये डीसीची रेघ असते, तिथे काय चालेल ते निर्मात्यानं सांगितलेलं असतं. आयआरएफझेड४४एन चा तोच ग्राफ काढून बघा, शेवटची रेघ १० मिलीसेकंदाची आहे, डीसीची नाहीच. तो स्विच म्हणून बनवलेला आहे. आत हजारो छोटे सेल समांतर असतात, आणि कमी गेट व्होल्टेजला, म्हणजे अर्धवट चालू असताना, तापलेल्या सेलचा थ्रेशोल्ड खाली येतो आणि तोच सेल जास्त करंट ओढतो. मघाशी म्हटलेलं आपोआप वाटप इथे उलटं चालतं. एका ठिकाणी हॉट स्पॉट होतो आणि बाहेरून हीटसिंक कोमट असतानाच आत शॉर्ट होतो. आणि पास ट्रान्झिस्टर, म्हणजे ज्याच्यातून सगळा करंट जातो तो, शॉर्ट झाला की पूर्ण ४० व्होल्ट तुमच्या टेबलावरच्या बोर्डवर. त्याच्या डेटाशीटमधला ९४ वॅट हा आकडाही केस (बाहेरचं पॅकेज) २५ डिग्रीवर धरला तरचा आहे, अभ्रक लावून हीटसिंकवर बसवलेल्या टीओ-२२० मधून सतत ३०-४० वॅटच्या वर मी कधी काढत नाही.

तिसरं, स्थिरता. आयआरएफझेड४४एन चं इनपुट कपॅसिटन्स दीड हजार पिकोफॅरडच्या आसपास आहे, ते ७२३ च्या फीडबॅक लूपमध्ये आलं की आउटपुट ऑसिलेट व्हायची शक्यता वाढते, आणि मल्टिमीटरवर ते दिसत नाही.

तरीही करायचंच असेल तर जुन्या पद्धतीचा मोठ्या डायचा आयआरएफपी२४० घ्या, किंवा लिनिअर वापरासाठीच बनवलेले मॉसफेट मिळतात, आयएक्सवायएसची लिनिअर एल२ मालिका त्यासाठीच आहे, पण महाग. गेटला १०० ते २२० ओहम, गेट-सोर्सला १२ व्होल्टचा झेनर नक्की, कारण आउटपुट शॉर्ट झालं की सोर्स शून्यावर येतो आणि गेट क्षणभर तीस-पस्तीसवर असतं. दोन समांतर लावले तर सोर्समध्ये रेझिस्टर पाहिजेतच, आणि ते २एन३०५५ च्या ०.१ पेक्षा मोठे, कारण दोन मॉसफेटच्या थ्रेशोल्डमधला फरक अर्धा-एक व्होल्टही असू शकतो.

पण मुळात तुमची अडचण चांगला २एन३०५५ मिळत नाही ही आहे ना, मग बायपोलरच दुसरा घ्या. टीआयपी३५सी, २५ अँपिअर, १०० व्होल्ट, १२५ वॅट, प्लास्टिक पॅकेज, एका स्क्रूवर बसतो. किंवा २एन३०५५ च्या धातूच्या टीओ-३ पॅकेजची तीच भोकं वापरायची असतील तर एमजे१५००३, २० अँपिअर, १४० व्होल्ट, २५० वॅट. आणि वरच्या हिशोबात १०५ वॅट येत असेल तर एक नाही, दोन लावा. २एन३०५५ चे ११५ वॅटसुद्धा केस २५ डिग्रीलाच, वर प्रत्येक डिग्रीला ०.६५७ वॅट कमी होतात, केस ८० डिग्री झाली की ७९ वॅट उरले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली बुधवार पेठ, घासून परत छापलेले पॉवर ट्रान्झिस्टर सर्रास विकले जातात, त्यामुळे एक-दोन आधी आणून, हीटसिंकवर बसवून, पूर्ण करंटला अर्धा तास चालवून बघा आणि मगच बाकीचे घ्या.

ऑडिओ अँप्लिफायरबद्दलही हाच प्रश्न बरेच जण विचारतात म्हणून दोन ओळी. २एन३०५५ च्या अँपमध्ये मॉसफेट घुसवू नका. बायसचं व्ही-बीई मल्टिप्लायर सर्किट बायपोलरच्या व्होल्टेजसाठी आणि त्याच्याच टेंपरेचर ड्रिफ्टसाठी बसवलेलं असतं, आणि गेटचे चार-चार व्होल्ट गेले की आउटपुट स्विंगही कमी होतो. मॉसफेट अँप पाहिजे असेल तर २एसके१०५८ आणि २एसजे१६२ सारख्या लॅटरल मॉसफेटसाठी मुळापासून काढलेलं डिझाइन घ्या.

इन्व्हर्टर पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या प्लस वायरमध्ये गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. लोड नसताना बल्ब मंद किंवा बंद असेल तर ठीक. झगझगीत पेटला तर दोन्ही बाजू एकदम चालू आहेत किंवा एखादा मॉसफेट आधीच शॉर्ट आहे, तिथेच थांबा. दोन्ही बाजूंच्या हीटसिंक एकमेकांपासून वेगळ्या आहेत ना ते तपासा, मॉसफेटचा टॅब ड्रेनला जोडलेला असतो, जशी २एन३०५५ ची बॉडी कलेक्टरला होती. आउटपुटला २३० व्होल्ट आहेत, बॅटरीवर चालतं म्हणून त्याला हात लावायची हिंमत करू नका. बल्ब ठीक दिसला की तो काढून १०-१५ अँपिअरच्या फ्यूजवर चालवा, आधी २५-४० वॅटचा साधा बल्ब लोड म्हणून लावा, पंधरा मिनिटांनी बंद करून मॉसफेटला बोट लावून बघा, आणि बदल करण्याआधीच्या मोजणीत गेटवर मीटरनं किती व्होल्ट दाखवले तेही कळवा, सव्वादोनपेक्षा वेगळं काही आलं असेल तर तुमच्या ड्रायव्हरमध्ये आणखी काहीतरी आहे आणि ते आधी शोधावं लागेल.